नोआ की तामार? मुलीसाठी दोन हिब्रू नावांतून एक निवडताना

बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरात मुलगी जन्माला आली की नावांची यादी पंधरा-वीसवरून सुरू होते आणि बघता बघता दोनांवर येऊन अडते. एक नाव आईकडच्यांना आवडलेलं असतं, दुसरं वडलांकडच्यांना. मग जो तो मोबाइलवर नावांचे अर्थ शोधायला लागतो आणि गुंता वाढतो, कारण हिब्रू नावांचे अर्थ सगळे चांगलेच असतात. गोड, सुंदर, प्रकाश, गाणं, देवाची देणगी. त्यावरून निवड होत नाही.

माझं सांगणं असं की अर्थ शेवटी बघा. सुरुवात हिब्रू अक्षरांपासून करा, कारण मुलीचं खरं नाव तिथे आहे. देवनागरी, इंग्रजी स्पेलिंग, लाडाचं नाव, सगळं त्या अक्षरांतून निघतं. अक्षरं नक्की नसतील तर केतुबावर (लग्नाच्या करारपत्रावर) एक नाव, पासपोर्टवर दुसरं आणि आजीच्या तोंडी तिसरं, असं व्हायला वेळ लागत नाही.

उदाहरणासाठी नोआ आणि तामार ही दोन नावं घेतो. दोन्ही तनाखमधली (हिब्रू बायबलमधली), दोन्ही आटोपशीर, दोन्ही आजच्या इस्रायलमध्ये भरपूर चालणारी. अडचणी मात्र दोघींच्या अगदी वेगळ्या. तुमच्या यादीत याएल आणि शिरा असतील किंवा अविगैल आणि हन्ना, तरी पायऱ्या ह्याच.

पहिली पायरी: कागद घ्या आणि हिब्रूत लिहा

तामार लिहायला तीन अक्षरं लागतात: ताव, मेम, रेश. तोरामध्ये (तनाखच्या पहिल्या पाच ग्रंथांत) हेच, आजच्या इस्रायली ओळखपत्रावर हेच. वाद नाही. स्वरचिन्हं नसतील तेव्हा हीच तीन अक्षरं कुणी ‘तोमेर’ अशी वाचू शकेल आणि ते मुलाचं नाव आहे. पण तोमेर लिहिताना बहुतेक लोक मध्ये वाव घालतात, त्यामुळे प्रत्यक्षात घोटाळा क्वचितच होतो.

नोआचं तसं नाही. तोरामध्ये हे नाव नून, आयिन, हे असं लिहिलेलं आहे. आजच्या इस्रायलमध्ये पुष्कळ जण त्यात वाव घालून नून, वाव, आयिन, हे असं लिहितात, म्हणजे ‘ओ’ चुकत नाही. दोन्ही चालतात. पण तुम्हाला एक ठरवावं लागेल आणि जन्मभर तेच ठेवावं लागेल. माझं मत विचाराल तर धार्मिक कागदांवर तोरामधली तीन अक्षरं असावीत. इस्रायलमध्ये नोंदणी करायची असेल आणि तिथे वाव घालून नाव लिहायचं असेल, तर घरच्या नोंदीत दोन्ही रूपं शेजारी शेजारी लिहून ठेवा.

नोआच्या बाबतीत याहून मोठी भानगड पुढे आहे. तारू बांधणारा जो नोहा, त्याचं हिब्रू नाव वेगळं: नून आणि खेत, दोनच अक्षरं. मधलं आयिन नाही, शेवटचं हे नाही. हिब्रूत या दोन नावांचा काही संबंध नाही. पण इंग्रजी बायबलांनी दोघांनाही एकच स्पेलिंग दिलं, एन-ओ-ए-एच. म्हणून इंटरनेटवरच्या याद्यांत नोआचा अर्थ ‘विसावा’ किंवा ‘सांत्वन’ दिलेला सापडतो. तो अर्थ नोहाचा आहे. नोआ हलणं, हालचाल या धातूवरून आलं आहे. विसाव्याच्या अगदी उलट! अर्थाच्या याद्यांवर भरवसा ठेवू नका असं मी म्हणतो ते ह्यासाठी.

देवनागरीतही फरक ठेवा. मुलगा नोहा, मुलगी नोआ. इंग्रजीत एन-ओ-ए, शेवटी एच नाही. तो एच लागला की मुंबईतल्या शाळेपासून बँकेपर्यंत सगळीकडे ‘मास्टर’ लागेल आणि इस्रायलमधला कारकून तेच स्पेलिंग बघून खेत लिहून मोकळा होईल.

अक्षरांची खात्री हिब्रू नीट येणाऱ्या माणसाकडून करून घ्या. ठाण्याचं शाअर हाशामाईम, आग्रीपाड्याचं मागेन हसिदिम, पनवेलचं बेथ एल, अलिबागचं मागेन आबोथ, जे सिनेगॉग जवळ असेल तिथल्या हझानांना (प्रार्थना चालवणाऱ्यांना) गाठा. तोंडी विचारू नका, लिहून घ्या. खेत आणि हे, आयिन आणि आलेफ यांचे उच्चार आपल्या कानाला सारखेच वाटतात. फरक कागदावरच दिसतो.

दुसरी पायरी: गोष्ट पूर्ण वाचा, दोन ओळींचा सारांश नको

मुलगी दहा वर्षांची झाली की विचारणार, माझं नाव कुणाचं? तेव्हा तुमच्याकडे उत्तर असलं पाहिजे, आणि अवघड भाग असेल तर तो कसा सांगायचा हेही आधीच ठरलेलं असलं पाहिजे.

नोआची गोष्ट गणना ग्रंथाच्या २७ व्या अध्यायात आहे. मनश्शेच्या वंशातला सलाफहाद रानातच वारला. मुलगा नव्हता, पाच मुली होत्या: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिर्सा. (मिल्का हे नाव आपल्या जुन्या घरांतून ऐकलेलं असेल, ते ह्यांतलंच.) या पाच बहिणी दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव त्याच्या कुळातून का पुसावं? आम्हाला वाटा द्या. मोशेनं प्रश्न देवापुढे नेला आणि उत्तर आलं की या मुलींचं म्हणणं बरोबर आहे. वारसाचा कायदाच बदलला. पुढे ३६ व्या अध्यायात अट येते, की जमीन वंशाबाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावं, आणि त्या चुलतभावांशी लग्न करतात. तोही भाग मुलीला सांगा. गोष्ट जशी आहे तशी सांगितलेली बरी.

एक लक्षात घ्या, नोआ ह्या गोष्टीत एकटी नाही. पाच बहिणी एकत्र बोलतात, तिचं स्वतःचं वेगळं वाक्य नाही. काहींना हे नावाचं वैगुण्य वाटतं. मला त्यात जोर दिसतो.

तामारची गोष्ट एक नाही, दोन आहेत, आणि त्यांतली दुसरी जड आहे.

पहिली तामार यहूदाची सून, उत्पत्तीच्या ३८ व्या अध्यायातली. नवरा मेला, दीरही मेला, आणि यहूदा धाकट्या मुलाशी तिचं लग्न लावून देण्याचं टाळत राहिला. तिनं वेश बदलून, यहूदाची मुद्रा, दोरी आणि काठी गहाण ठेवून घेऊन यहूदापासूनच गर्भ राहू दिला आणि आपला हक्क मिळवला. तिला जाळायला काढलं तेव्हा तिनं सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं नाही, फक्त त्या वस्तू पाठवल्या. यहूदानं ओळखलं आणि कबूल केलं की ती माझ्यापेक्षा नीतिमान आहे. तिच्या पोटी पेरेस आणि जेरह झाले आणि पेरेसच्या वंशात दावीद राजा. रूथच्या लग्नात बेथलेहेमचे लोक तिच्या नवऱ्याला, बवाजला, आशीर्वाद देतात तोही तामारच्या नावानं: तामारला यहूदापासून झालेल्या पेरेसच्या घराण्यासारखं तुझं घराणं होवो.

दुसरी तामार दावीदाची मुलगी, २ शमुवेलच्या १३ व्या अध्यायात. सावत्र भाऊ अम्नोननं तिच्यावर बलात्कार केला. यावरून काही घरांत हे नाव नको म्हणतात, आणि त्यांची भावना मी हलकी समजत नाही. पण लगेच पुढच्या, १४ व्या अध्यायात एक ओळ आहे जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तामारच्या सख्ख्या भावानं, अबशालोमनं, स्वतःच्या मुलीचं नाव तामार ठेवलं. म्हणजे त्याच घरात, त्या घटनेनंतरही, हे नाव सन्मानानं पुढे गेलं. घरातली कुणी आत्या-मावशी दुसऱ्या तामारचं नाव काढून नाराजी दाखवत असेल तर ही ओळ तिला वाचून दाखवा. ऐकूनही तिचं मन मानत नसेल तर मात्र जबरदस्ती करू नका, त्या आत्याच्या मांडीवर मूल वाढणार आहे.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. नोआ काय आणि तामार काय, दोघींनी कायद्याच्या चौकटीत राहून आपला वाटा मागितला आणि दोघींना सर्वांसमोर ‘बरोबर’ असं उत्तर मिळालं. गोष्टीच्या पातळीवर दोन्ही पारडी समान. म्हणून निवड पुढच्या पायऱ्यांवर होणार.

तिसरी पायरी: मोठ्यानं म्हणा, वेगवेगळ्या तोंडून

नाव मनातल्या मनात छान वाटतं. ते जिन्यातून हाक मारून बघा. ‘तामार, खाली ये गं!’ ‘नोआ, डबा घेतलास का?’ घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आणि सर्वांत लहान मुलाला म्हणायला सांगा. मग विभक्ती लावा: तामारला, तामारचं, तामारनं. नोआला, नोआचं, नोआनं. मराठीत दोन्ही बसतात. तामार व्यंजनावर संपतं म्हणून प्रत्यय पटकन चिकटतो. नोआत ‘ओ’ आणि ‘आ’ सलग येतात, बोलताना मधे ‘व’ शिरतो आणि ‘नोवा’ होतं. फोनवर तर हमखास ‘नोरा’ किंवा ‘नोवा’ ऐकू येणार.

तामारची खोड वेगळी. इंग्रजी टी बघून आपल्याकडे लोक ‘ट’ वाचतात. शाळेच्या पहिल्या हजेरीला ती ‘टमर’ किंवा ‘टॅमर’ होणार, आणि पोरं टमाटर म्हणणार हे धरून चाला. उपाय सोपा आहे: जिथे मराठी रकाना असेल तिथे ‘तामार’ स्वच्छ लिहायचं आणि पहिल्या दिवशी बाईंना एकदा सांगायचं. इस्रायली उच्चारात जोर शेवटच्या ‘मार’वर येतो, तो आपल्या ‘तामार’च्या बराच जवळ जातो. आपल्या भाषेला या नावासाठी फार वळावं लागत नाही, आणि मला ती जमेची बाजू वाटते.

लाडाची नावंही आत्ताच बघा, कारण ती तुम्ही ठरवा न ठरवा, पडणारच. तामारचं तामी, तामू. नोआचं नोई, नोनू. नोआ मुळातच दोन अक्षरांचं, ते फारसं मोडत नाही.

यानंतरची चाचणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: सिनेगॉगमधली हाक. मुलीचं नाव ठेवताना जो ‘मी शेबेराख’ हा आशीर्वाद म्हणतात, त्यात सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या) पद्धतीनं आधी सारा, रिव्का, राखेल, लेआ, मिर्याम नबिया, अविगैल आणि एस्तेर राणी यांची नावं येतात, मग तुमच्या मुलीचं नाव येतं, ‘बत’ (म्हणजे मुलगी) लावून वडलांच्या नावासकट. ही ओळ पूर्ण म्हणून बघा. वडलांचं हिब्रू नाव अमुक असेल तर ‘तामार बत अमुक’, ‘नोआ बत अमुक’. मग आईच्या नावानंही म्हणा, कारण आजारपणात प्रार्थना होते तेव्हा आईचं नाव घेतात. आणि शेवटी मराठी क्रमानं: नाव, वडलांचं नाव, आडनाव. पेणकर, दिवेकर, राजपूरकर, जे असेल ते. आपल्या मराठी रचनेत वडलांचं नाव मधे असतंच, त्यामुळे हिब्रू आणि मराठी इथे छान जुळतात. वडलांचं नाव ‘आ’नं किंवा ‘न’नं सुरू होत असेल तर नोआ त्यात मिसळून जातं. तामारचा ‘र’ नावाला काठ देतो.

चौथी पायरी: घरातली माणसं विचारा

सेफार्दी घरांत हयात आजीचं नाव नातीला ठेवतात, तो मान समजला जातो. अश्कनाझी (मूळ युरोपातल्या ज्यूंच्या) घरांत हयात माणसाचं नाव ठेवत नाहीत. आता लग्नं दोन्हीकडे होतात, विशेषतः इस्रायलमध्ये. जावई किंवा सून अश्कनाझी असेल आणि त्यांच्याकडे एखादी तामार हयात असेल तर हा प्रश्न आधी मोकळेपणानं विचारा. बारशाच्या ताटासमोर तो निघायला नको.

कुणाच्या आठवणीत नाव ठेवत असाल तर ते नाव जसंच्या तसं असलं पाहिजे असंही नाही. आपल्या पूर्वजांनी हे फार सहज केलं. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, शाअर हारहामिम, १७९६ मध्ये ज्यांनी बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे शमुवेल यहेज्केल. कोकणानं नाव आपलंसं केलं, पण खालचं हिब्रू नाव कुणी विसरलं नाही. आजीचं नाव मराठी वळणाचं असेल तर तिच्या नावाचं पहिलं अक्षर किंवा तिला प्रिय असलेली गोष्ट धरून हिब्रू नाव शोधता येतं.

पाचवी पायरी: मुलगी वाढणार कुठे?

इस्रायलच्या सांख्यिकी विभागाच्या याद्यांत २००० नंतरची बरीच वर्षं नोआ मुलींच्या नावांत पहिली होती. पुढे तामारनंही पहिला क्रमांक गाठला. म्हणजे अश्दोद, दिमोना किंवा लोद इथल्या वर्गात दोन्ही नावांच्या मैत्रिणी भेटणार. तिथे दोन्ही नावं कुणालाही समजावून सांगावी लागत नाहीत. बाहेरून आलेल्या कुटुंबाला त्याची किंमत कळते.

मुंबई-ठाण्यात चित्र उलटं होतं. वर्गात ती एकटीच असणार आणि नाव रोज सांगावं लागणार. तामार सांगितलं तर लोक ‘काय?’ विचारतील, पण मुलगी की मुलगा हा गोंधळ सहसा होणार नाही. नोआ सांगितलं तर अर्ध्या लोकांना तारू आठवेल आणि ते मुलगा समजतील. मराठी ख्रिस्ती शेजारी दोन्ही नावं लगेच ओळखतील, त्यांच्या बायबलात ती आहेतच.

जन्माचा काळही बघा. तामार म्हणजे खजुराचं झाड. तू बिश्वातच्या (झाडांच्या सणाच्या) सुमारास, जानेवारी-फेब्रुवारीत, मुलगी झाली असेल तर हे नाव आपोआप जवळचं वाटतं. त्या दिवशी एलियाहू हन्नाबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) नावानं अलिबागजवळच्या खंडाळ्याला लोक जातात, मलिदा होतो, गोड पोह्यांभोवती फळं आणि खजूर मांडतात. सुक्कोथच्या सणाला लुलाव म्हणून जी फांदी धरतो तीही खजुराचीच. आणि दर शब्बाथला (शनिवारी) म्हणतो त्या ९२ व्या स्तोत्रात ‘त्सद्दीक कत्तामार यिफ्राख’ आहे, नीतिमान खजुरीसारखा बहरेल. मुलगी दर आठवड्याला आपलं नाव प्रार्थनेत ऐकत मोठी होईल. नोआला असा दर आठवड्याचा ठेवा नाही. तिचा भाग ‘पिन्हास’ नावाच्या पाराशेत (तोराच्या साप्ताहिक वाचनभागात) येतो, तो साधारण जुलैच्या आसपास वाचला जातो. मुलगी त्या आठवड्यात जन्मली असेल तर मात्र मी बिनदिक्कत नोआ म्हणेन.

दोन्ही नावं ठेवायची का?

नोआ तामार, असं जोडनाव छान वाटतं खरं. पण आपल्या अर्जांत नाव, वडलांचं नाव, आडनाव असे तीनच रकाने असतात आणि दुसरं नाव कुठेतरी गळतं. कुठल्या कागदावर आहे, कुठल्या कागदावर नाही, हे पुढे तिला निस्तरावं लागतं. दुसरं नाव पुढच्या मुलीसाठी ठेवा, किंवा घरात हाक मारायला वापरा.

निर्णय अजूनही होत नसेल तर एक आठवडा फक्त एका नावानं हाक मारा, पुढचा आठवडा दुसऱ्या. न ठरवता कुठलं नाव तोंडात येतं ते बघा. आई रात्री उठून दूध पाजताना जे नाव घेते त्याला मी दोन मतं देईन. एवढं सगळं सारखंच निघालं आणि मुलगी महाराष्ट्रात वाढणार असेल, तर माझा कौल तामारला. अक्षरांत वाद नाही, प्रार्थनेत जागा आहे, आणि ‘ट’ची खोड एकदा सांगून सुटते. इस्रायलमध्ये वाढणार असेल तर नोआच्या सगळ्या अडचणी संपतात, मग मन म्हणेल ते.

शेवटची पायरी: दिवस आणि दाखला

मुलीच्या नावासाठी ब्रिथसारखा (मुलाच्या सुंतेसारखा) आठव्या दिवसाचा नियम नाही. तोरा सोमवारी, गुरुवारी आणि शब्बाथला वाचतात. त्यांपैकी ज्या दिवशी मिन्यान (प्रार्थनेला लागणारी दहा माणसं) नक्की जमेल तो धरा, आपल्याकडे तो बहुधा शब्बाथच असतो. वडील सेफेरजवळ (तोराच्या गुंडाळीजवळ) जातात आणि हझान नाव पुकारतात. आदल्या दिवशी हझानांना हिब्रू अक्षरांत चिठ्ठी द्या, त्यावर आई-वडलांची हिब्रू नावंही असू द्यात. घरी पाळण्यात घालून नाव ठेवण्याचा दिवस तुमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे.

सरकारी नोंदीची घाई नाव ठरवण्याच्या आड येऊ देऊ नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण ती नावाशिवायही होते. नाव पुढे १२ महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय भरता येतं, आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. रुग्णालयात कुणी फॉर्म पुढे करून ‘नाव सांगा’ म्हणालं तर रकाना रिकामा ठेवायला सांगा. चुकीचं भरलेलं नाव बदलणं फार त्रासाचं असतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट अशा कामांना जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरला जातो, त्यामुळे त्यातलं स्पेलिंग आयुष्यभर सोबत राहणार.

दाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं छापून येतात. दोन्ही वेगवेगळी तपासा. मराठीत ‘तमर’ किंवा ‘टमार’ झालंय का, इंग्रजीत नोआच्या शेवटी एच चिकटलाय का, वडलांच्या नावाचं स्पेलिंग त्यांच्या पासपोर्टशी जुळतं का. चूक दिसली तर त्याच खिडकीवर, त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज द्या आणि मगच प्रती काढा. बरोबर झालेल्या दाखल्याच्या एका प्रतीच्या मागे हिब्रू अक्षरांत नाव, ‘बत’ आणि आई-वडलांची हिब्रू नावं लिहा, आणि ती प्रत आई-वडलांच्या केतुबासोबत एकाच पाकिटात ठेवा. पुढे तिच्या लग्नाच्या वेळी हे दोन्ही कागद एकत्रच मागतात.